डिफ्रन्शलची भानगड

देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर सुरू होणारी गाडी बनवली आणि २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. ही बातमी साऱ्या महाराष्ट्राला गोड लागली, आमच्या घराला तेवढी महागात पडली. ती गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, असंही महिंद्रांनी म्हटलं होतं. एवढं वगळून बाकीची बातमी आमच्या भाच्याने तोंडपाठ केली.

भंगारातल्या ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल आणून त्याने परभणीत जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजमागे संसार मांडला. सांगाडा स्वतःचा: चौकोनी पाइप, भरपूर वेल्डिंग आणि अपार आत्मविश्वास.

"मामा, डिफ्रन्शल काय असतंय माहितेय का?"

माहीत नाही म्हणायची आमच्या जिल्ह्यात पद्धत नाही. मी बैलगाडीपासून सुरुवात केली. तिची दोन्ही चाकं आसावर आपापली फिरतात. वळणावर बाहेरचं जास्त पळतं, आतलं कमी. कुणाची तक्रार नाही. पंचाईत होते ती एकाच इंजिनाने दोन्ही चाकं ओढायला घेतली की. त्यावर पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी दातेरी चक्रांचा तोडगा, म्हणजे हेच डिफ्रन्शल, काढून पेटंटही घेतलं, तेव्हा कार्ल बेंझचा जन्मही झाला नव्हता. तोडगा नामी, पण आमच्या काळ्या मातीपुढे त्याची मात्रा चालत नाही. एक चाक चिखलात गेलं की तेच गरगरतं आणि कोरड्यावरचं गंमत बघत उभं राहतं. म्हणून ट्रॅक्टरला डिफ्रन्शल लॉक देतात.

डिफ्रन्शलला फिरवणारी क्राऊन-पिनियन ही दातेरी जोडी बसवायला उस्ताद आले. त्यांनी दात्यांना रंग फासला, हळूच फिरवून ठसा कुठे उमटतो ते पाहिलं, एक पातळ शिम काढली, दुसरी घातली. मग क्राऊन दोन बोटांनी मागेपुढे हलवून कान लावला. बारीक टक् आलं.

"जरासा प्ले पाहिजे, मालक. दात्याला दाता चिकटला की दोघंबी मरतेत."

जमलेल्या मंडळींना ती केसाएवढी फट पाहवेना. "ठेवली कामून? हातासरशी बुजवून टाका की," शेजारचे तात्या म्हणाले. तात्यांकडे सायकलसुद्धा नाही.

उस्ताद जेवायला गेले आणि भाच्याने एक्सल सांगाड्याला लावायला घेतला. पाट्यांच्या जागा जुळेनात, म्हणून तो पालथा केला. चपखल बसला. लगेच वेल्डिंगही उरकलं.

संध्याकाळी अर्धी गल्ली जमली. पहिला गिअर टाकला, गाडी मागे आली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे आली. मागे उभे असलेले तात्या नालीच्या पल्याड गेले.

उस्तादांनी वाकून पाहिलं. "तेल भरायचा बोल्ट जमिनीकडं कामून बघायलाय?"

उलगडा झाला. एक्सल पालथा म्हणजे क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे चाकं उलटी. एकूण हिशेब: मागे जायला चार गिअर, पुढे जायला एक. उपाय एकच, सगळं वेल्डिंग कापा.

भाच्याने पडेल चेहऱ्याने ग्राइंडर उचलला. तेवढ्यात नालीपलीकडून तात्या गरजले, "थांब! जगात जर्मनी, भारतात परभणी! मागं जायला चार गिअर हायेत का त्या जर्मनीवाल्यांकडं?"

भाच्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि मला विचारलं, "मामा, पेटंटला किती खर्च येतो?"