सुपाची वीस मिनिटं

डिझाइन कॉलेजांत हल्ली 'वस्तुकेंद्री अध्यापना'ची चलती आहे. एक वस्तू, वीस मिनिटं, गोलात बसलेली मुलं आणि एकच सवाल : ही वस्तू तुम्हाला काय सांगते? समजा, मधे ठेवलंय चंद्रपूरच्या बाजारातलं सूप. कोणी म्हणतं, "लय." कोणी म्हणतं, "शाश्वतता", ती आल्याशिवाय तास सुटतच नाही. शेणानं सारवलेल्या बाजूला हात लावायला मात्र कोणी पुढे होत नाही. बारीक दाणा गळू नये म्हणून केलेली ती युक्ती; खरं डिझाइन तिथंच आहे.

पुढे वस्तूच्या नोंदीच्या तक्त्यात रकाना येतो : साहित्य. इथं सूपही गडबडेल. वनस्पतिशास्त्र म्हणतं, बांबू हे गवत. १९२७च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं. २००६च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज झाला, तरी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच जंगलातला बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना हातात पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले तेव्हा. २०१७ साली बांबू झाडांच्या व्याख्येतून सुटला. फायदा जंगलाबाहेरच्या बांबूला.

मुलांना आठवडाभर चिचपल्लीच्या बांबू केंद्रात पाठवा म्हणावं, तर वेळापत्रकात बसत नाही. आणि बाजारात बुरुडासमोर गोल करून बसलात, तर पहिला प्रश्न तोच विचारेल : "घेता, का नुसतं पाहून राह्यले?"