उसाला सेन्सर, आईला सल्ले

बारामतीच्या उसाचं नशीब जोरावर आहे. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगात तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या देखरेखीखाली वाढतो. मातीत सेन्सर, शेजारी हवामान केंद्र, वर उपग्रह. उसाला तहान लागली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप हजर. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी या प्रयोगाचं जगासमोर कौतुक केलं आणि इलॉन मस्कनं त्याला दुजोरा दिला. उसाच्या जातीला याहून मोठा मान तो कोणता?

त्याच उसाच्या कडेला, वस्तीवर, अडीच वर्षांचं एखादं पोरगं हाक मारली तर वळून बघत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. आईचा हात धरून फडताळापर्यंत नेतं, पण तिच्या तोंडाकडे बघत नाही. याचा निरोप कोणाच्या मोबाइलवर येत नाही. आईच्या लक्षात आलेलं असतं, पण आईची शंका म्हणजे काही उपकरण नव्हे. तिला मिळतात सल्ले, तेही घरपोच आणि विनामूल्य.

"आगं, ह्याचा बाप पाच वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." (तो बाप आज सोसायटीच्या सभेत माईक सोडत नाही, हा पुरावा.) वेखंड उगाळून मधातून चाटव. जेजुरीला जाऊन ये. मोबाइल दाखवू नको. तू त्याच्याशी बोलतच नाहीस, मग तो कसा बोलेल? आणि सगळ्यांत भारी सल्ला: दुसरं होऊ दे, सोबत मिळाली की बोलायला लागेल. हा उपाय लागू पडायला नऊ महिने लागतात. त्यानंतर आईच्या हाताशी दोन मुलं असतात आणि सल्लागार बारशाचं जेवून गेलेले असतात.

आईला दोषी धरण्याचा शोध आमच्या आत्याबाईंनी लावला, असं मात्र समजू नका. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम या विद्वानानं 1967 साली पुस्तक लिहून सांगितलं होतं की, मूल स्वमग्न होतं ते आईच्या थंडपणामुळे. पुढे हे साफ खोटं ठरलं. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतूनच येते, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि आईच्या मायेशी तिचा संबंध नाही. पण ही दुरुस्ती निमगाव केतकीच्या पारापर्यंत पोचलेली नाही. शिकागोची चूक तेवढी वेळेवर पोचली होती.

बरं, सरकार झोपलंय असं म्हणायचीही सोय नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, आणि सुरू कुठे झाला, तर आपल्याच पालघरमध्ये. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब, मिळून तीसएक प्रकार तपासायचे. म्हणजे दात बघायचे, डोळे बघायचे, छातीला नळी लावायची, खरूज बघायची आणि त्याच ओघात पोराचा मेंदू वेळापत्रकाप्रमाणे चाललाय का तेही बघायचं. या गर्दीत जे पोर कोपऱ्यात एकटंच चपला ओळीनं लावत बसलंय ते काय ठरतं? शहाणं. "काही त्रास नाही बघा त्याचा." आणि जे एका जागी ठरत नाही ते ठरतं खोडकर. दोघांची तपासणी झाली, दोघांच्या नावापुढे बरोबरची खूण.

अंगणवाडीताईला बोलण्यात अर्थ नाही. तिच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर मूल कधी हसावं, कधी बसावं, कधी बोलावं याची चित्रं छापलेली आहेत. पण वरचे साहेब विचारतात वजन. पोर हिरव्या पट्ट्यात आहे ना? मग झालं. शिवाय आता घरपोच आहारासाठी आईचा चेहरा ॲपला ओळखू यावा लागतो. पोर आईच्या चेहऱ्याकडे बघतं का, याची चौकशी सवडीनं. दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीनं काय करावं याची स्वतंत्र नियमावली दिल्लीनं 2023 च्या नोव्हेंबरात काढलीय. पुस्तिका छान आहे, ताई एकटी आहे.

आणि ऊसतोडीची लेकरं? ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतात आणि पट्टा पडला की जातात. बीडकडच्या अंगणवाडीच्या वहीत नाव आहे पण पोर नाही. भवानीनगर-माळेगावच्या फडात पोर आहे पण वहीत नाव नाही. अशा पोराचं निदान करायचं तर पथकानं ट्रॅक्टरमागे पळायला हवं.

हा चार-दोन घरांचा प्रश्न आहे असं वाटत असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. पाच ठिकाणी, त्यांतलं एक आपल्या शेजारचा उत्तर गोवा, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. 2018 साली ती छापून आली. साधारण आठांतल्या एका मुलाला मेंदूच्या वाढीशी किंवा ऐकण्या-बघण्याशी निगडित काही ना काही अडचण होती. गावातल्या शाळेच्या एका वर्गात बसून मोजा.

समजा, एखादी आई सगळ्यांचे सल्ले ओलांडून बाहेर पडलीच. बारामतीला 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महाविद्यालय म्हटलं की बालरोग, मनोविकार, कान-नाक-घसा हे विभाग आलेच. बारामतीकरांची सोय झाली. पण इंदापूरहून बारामती पन्नास किलोमीटर. आणि बोलण्याचे उपचार, हातापायांचे उपचार, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छपराखाली हवे असतील, तर योजनेनुसार त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिल्ह्याला एक. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला. इंदापूरहून दीडशेच्या घरात. उपचार आठवड्यातून दोनदा घ्या, असं तिथे सांगतात. बाई मान हलवते आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते आठवत बसते. त्या एसटीत तिला निम्मं तिकीट आहे, पण ते ती बाई आहे म्हणून. पोराला सांभाळते म्हणून नव्हे.

प्रमाणपत्राच्या दिवसाचं एक दृश्य सांगतो. रुग्णालयाचं नाव घेत नाही, घेतलं तर बाकीची उगाच निर्दोष ठरतील. बाकड्यावर जागा नाही म्हणून आई जमिनीवर. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आधार, रेशनकार्ड, कानाच्या बेरा तपासणीचा अहवाल, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. पोरगं पाण्याच्या बाटलीचं झाकण फरशीवर गरगर फिरवतंय आणि ते पडलं की पुन्हा फिरवतंय. नाव पुकारलं. आत साहेब प्रेमानं म्हणाले,

"काय रे बाळा, नाव काय तुझं?"

"बोलत नाही, साहेब."

"शाळेत जातो का?"

"घेत नाहीत."

"का बरं?"

"बोलत नाही म्हणून."

साहेबांचाही नाइलाज. बाहेर रांग व्हरांडा ओलांडून जिन्यापर्यंत गेलेली. स्वमग्नता मोजायची आपली भारतीय मोजपट्टी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं ती केली. तिच्यात चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तर किंवा त्याच्या वर गेली की स्वमग्नता. काम निवांतपणे करायचं असतं. पोराशी खेळायचं, आईला विचारायचं, घरी काय होतं ते ऐकायचं. आमच्याकडे ते पंख्याच्या खडखडाटात आणि पुढच्या नंबरच्या पुकाऱ्यात उरकतं. आईला निदान अर्धा प्रश्न विचारला तरी पुष्कळ. चोवीस तास निरीक्षण करणारी ती एकटीच, तिची साक्ष मात्र कोणी लिहून घेत नाही.

मग मिळतात टक्के. घरी आल्यावर दहावीच्या निकालासारखं शेजारीपाजारी विचारतात, किती पडले? चाळीसला पास. एकोणचाळीस म्हणजे नापास, ना सवलत, ना अनुदान. पोराचे टक्के जास्त पडावेत असं मनात आणणारी आई तुम्ही पाहिली नसेल, तर प्रमाणपत्राच्या दिवशी एकदा जाऊन या. तरी आता बरं आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातच होते, स्वमग्नता त्यांत नव्हतीच. 2016 च्या कायद्यानं एकवीस केले. तोवर स्वमग्न पोरांना मतिमंदाच्या खात्यात बसवून कागद काढावा लागे.

कागद आला. आता पुढे? पुढे आई. रोज सकाळपासून रात्रीपर्यंत. पोराला घास गिळायला शिकवणारी तीच, चड्डी घालायला शिकवणारी तीच, आणि त्यानं कपाळ भिंतीवर आपटलं तर मध्ये हात घालणारी तीच. कुठे कुठे ती आजी असते, गुडघे दुखणारी. बाप काटफळच्या एमआयडीसीत पाळीला. रात्रपाळी असली की दिवसा झोपायचं, त्यामुळे पोराला गप्प ठेवणं हे तिचं आणखी एक काम. भाच्याच्या लग्नाला गेली तर डीजे सुरू होताच पोर कानांवर हात दाबून किंचाळतं. बाई मंडपाबाहेर, उसाच्या ट्रॉलीच्या आडोशाला. अक्षता तिथूनच टाकायच्या. नंतर वहिनी म्हणणार, "आलात कधी नि गेलात कधी, कळलंच नाही." तिला विचारलं, सरकारनं काय द्यावं? तर ती पैसे म्हणत नाही. म्हणते, आठवड्यातून दोन तास कोणीतरी याला धरा, मी आंघोळ करून जरा पडते.

पैशाचा हिशोब आम्हीच करू. मुलाच्या दिव्यांगत्वापोटी प्राप्तिकरात 75 हजारांची वजावट आहे, तीव्र असेल तर सव्वा लाखाची. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही आणि मजुरीवर तो भरायची वेळ येत नाही. म्हणजे जो कर द्यायचाच नाही, त्यात घसघशीत सूट. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं, हे चांगलंच झालं. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50 हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला 4,166 रुपये. नवरा-बायको दोघं खुरपायला गेले की अपात्र. तिनं पोराजवळ बसून राहावं आणि त्यानं अधूनमधूनच कामाला जावं, तर पात्र. विकासाचा विलंब मोजताना हात आखडतो, गरिबी मोजताना मात्र आमचा काटा पैशाचाही फरक सोडत नाही.

2016 च्या कायद्यात सांभाळणाऱ्याला भत्ता देण्याची तरतूद चक्क कलम 24 मध्ये लिहिलेली आहे. केरळनं त्याच्याही आधी 'आश्वासकिरणम' योजना काढली, महिन्याला 600 रुपये. 600 रुपयांत आज काय येतं ते सोडा. सरकारी यादीत तिचं नाव आलं, ती काहीतरी काम करते हे कुठेतरी नोंदलं गेलं.

आणि शिकवायचं म्हटलं तर डॉक्टरच हवा असंही नाही. गोव्याच्या 'संगाथ'नं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या लोकांनी मिळून एक प्रयोग केला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जायचं. आई पोराशी खेळते त्याचं चित्रीकरण करायचं आणि तिलाच दाखवायचं: बघा ताई, इथे त्यानं तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही थांबलात आणि त्यानं पुढाकार घेतला. अशा बारा बैठका. आईचं पोराशी जुळवून घेणं वाढलं, पोरानं स्वतःहून संवाद सुरू करणंही वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही, तसा दावाही त्यांनी केला नाही. पण यात उपग्रह लागला नाही. एक मोबाइल लागला आणि आईवर दोष न ठेवणारं एक माणूस. बारामती-इंदापुरात मोबाइलला तोटा नाही. दुसऱ्या वस्तूसाठी आशाताईंकडे बघत असाल, तर बघा, पण त्यांच्या कामांच्या यादीत हे पुढचं काम मानधनासकट लिहा.

तोवर पोर मोठं होतंच. बौद्धिक दिव्यांगत्वाचा कागद पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्यानं काढायला 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं. न जाणो, मधल्या काळात बरं झालं असेल! आणि अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार त्याच्यासाठी आता कायदेशीर पालक नेमावा लागतो. नेमणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, पुण्यात. अठरा वर्षं ज्या बाईनं त्याला न्हाऊ-माखू घातलं, ती बाई इंदापूरहून एसटीनं जाते आणि अर्ज करते की, मला याची पालक होऊ द्यावं. अर्जाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. अठराव्या वर्षाचं काढलंय ना, की दहाव्याचंच आणलंत?