कांजूरला हॉल्ट नाही

मध्य रेल्वेवर कांजूरमार्गची गत लग्नघरातल्या लांबच्या काकासारखी आहे. पत्रिका जाते, पण पंगत त्याच्यासाठी खोळंबत नाही. फास्ट लोकल इथे थांबत नाहीच. रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला की स्लो गाड्याही फास्टच्या रुळांवर चढतात, भांडुपला थांबतात, विक्रोळीला थांबतात आणि मधल्या कांजूरकडे ढुंकूनही न बघता निघून जातात. आपण पुलावर उभं राहून टाटा करायचा.

नेमक्या अशाच रविवारी मी आणि मामी मामाची ट्रंक घेऊन दादरला निघालो.

मामाचं वर्षश्राद्ध आदल्या आठवड्यात झालं होतं. पाहुणे गेल्यावर मामीनं मला माळ्यावर चढवलं. "ती नाटकाची ट्रंक काढ. दादरच्या त्या नाटकवाल्या पोरांना देऊन टाकू. इथे राहिली तर झुरळं प्रयोग लावतील." ट्रंक हिरवी, पत्र्याची, कुलूपबंद. किल्ली मामा बरोबर घेऊन गेला असावा. जिवंतपणीही तो या ट्रंकेला कुणाला हात लावू देत नसे.

मामा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्या रस्त्याला तो शेवटपर्यंत आग्रा रोडच म्हणाला. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी चहा आणि चहा संपला की तालीम. हौशी नाटकवाल्यांसाठी राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली, ती आपल्यासारख्यांची सोय म्हणूनच, असं त्याचं ठाम मत होतं. तिथवर तो कधी पोचला नाही. कामगारांच्या स्पर्धांत मात्र त्याला तीनदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि त्यानं तो भलताच उत्तेजित झाला. अत्र्यांनी 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकावरून 'मोरूची मावशी' लिहिलं. पुढे विजय चव्हाणांची मावशी लोकांनी डोक्यावर घेतली. आमच्या चाळीपुरती ती मामानं घेतली होती. चाळीच्या गणपतीत दर दोन वर्षांनी मावशी यायचीच. संवाद विसरला की तो पदर सावरायचा आणि प्रॉम्प्टरला सगळ्यांसमोर विचारायचा, "काय गं बाई म्हणाले मी?" टाळ्या त्यालाच पडत.

पण आम्हा पोरांना त्याचं खरं नाटक उन्हाळ्यात मिळायचं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. दर सोळा एप्रिलला मामा आगगाडीचा वाढदिवस करायचा. चौदा पोरं एकमेकांचे सदरे धरून डबे व्हायची. इंजिनं म्हणून तो स्वतः, त्याचा प्रॉम्प्टर आणि तळमजल्यावरचे पेन्शनर आजोबा. आजोबा सुलतान. त्यांना दमा असल्यामुळे वाफेचा आवाज अस्सल यायचा. एकवीस तोफांऐवजी एकवीस लवंगी फटाके. गाडी गॅलरीतून सुटायची, जिन्याच्या टोकाचं ठाणं गाठून परत फिरायची. वाटेत मामी दारात पन्ह्याचे पेले घेऊन उभी. आम्ही थांबायला बघितलं की मामा ओरडायचा, "चला पुढे! कांजूरला हॉल्ट नाही!" पहिल्या गाडीच्या वेळी इथे स्टेशनच नव्हतं, म्हणून आम्हालाही पन्हं नाही. ते परतीच्या गाडीला मिळायचं, तोवर त्याचा काढा झालेला असायचा.

तर मेगाब्लॉक. विक्रोळीपर्यंत रिक्षा करणं आलं. ट्रंक मध्ये, मामी एका बाजूला आणि माझे पाय वाहतुकीत. गांधीनगरच्या सिग्नलला रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "काकू, आत बॉडी-बिडी नाही ना?"

"नाही रे," मामी म्हणाली, "नुसते कपडे आहेत. बॉडी मागच्याच वर्षी गेली."

पुढे विक्रोळी येईपर्यंत तो बोलला नाही. सुट्टे पैसेही निमूट दिले.

विक्रोळीला आम्ही लगेजच्या डब्यात शिरलो. एका बाजूला केळ्यांच्या पाट्या, दुसरीकडे कुणाचा तरी कूलर. मामी ट्रंकेवर बसली आणि घाटकोपर सुटताच हसायला लागली.

"तुला टीसीची गोष्ट सांगितली का रे?"

शंभरदा ऐकली होती. म्हटलं, "नाही."

कुर्ल्याला प्रयोग होता. शिफ्ट लांबली म्हणून मामानं कारखान्यातच रंग लावला, लुगडं नेसलं आणि तसाच लोकलमध्ये चढला. कुणीतरी सरकून "मावशी, बसा" म्हणत चौथी सीट दिली. तेवढ्यात टीसी आला. मामानं कमरेचा बटवा सोडून पास दिला. ओळखपत्राच्या फोटोत झुपकेदार मिशा.

"हे कोण?"

"आमचे हे."

"मग तुमचा पास कुठे?"

"इश्श! सात जन्म एकत्र काढायचे आणि पास वेगळा?"

टीसी पावती पुस्तक काढणार, तेवढ्यात मामानं टोप उतरवला. अख्खा डबा हसला. टीसीही हसला, म्हणे, आणि पुढच्या गणपतीत बायकोला घेऊन नाटकाला आला. हा शेवटचा भाग मामानं घातलेला असणार, पण मामी तो कधी गाळत नाही.

दादरला पोरं एका शाळेच्या वर्गात तालीम करत होती. एकानं स्क्रूड्रायव्हरनं कुलूप उचकटलं. टोप, दोन मिशा, स्पिरिट गमची सुकलेली बाटली, फुटका आरसा. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मावशीचं लुगडं. पोरानं ते झटकलं. अंजिरी रंग, जरीचे काठ.

मामी पुढे झाली. काठ हातात धरून बघत राहिली.

"हा माझा शालू आहे," ती म्हणाली. "लग्नातला. लाँड्रीत हरवला म्हणून सांगितलं होतं ह्यांनी."

वर्गात शांतता. पोरगं शालूची घडी करून परत देऊ लागलं. मामीनं त्यावरचा गमचा डाग नखानं खरवडून बघितला. निघाला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "फक्त निऱ्या नीट काढायला शीक. ह्यांना शेवटपर्यंत जमल्या नाहीत. मला वाटायचं, लुगडं हलक्यातलं आहे."

परतताना मामी गप्प होती. विक्रोळीला उतरून रिक्षात बसल्यावर म्हणाली, "स्टेशनाजवळच्या लाँड्रीवरून घे रे."

"लाँड्रीत काय आहे?"

"तीस वर्षं मी त्या माणसाच्या दुकानाची पायरी चढले नाही. समोर दिसला की तोंड फिरवत होते."

लाँड्री कधीच गेली होती. तिथे मोबाईलचं दुकान होतं. काउंटरवर विशीतला पोरगा. मामी पायरी चढली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "चूक माझी होती हो. मनात ठेवू नका." पोरगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. रिकाम्या हातानं उतरणं बरं दिसेना, म्हणून मामीनं एक स्क्रीनगार्ड घेतला.

तिचा फोन बटणांचा आहे.