ओरिजिनल गंज

स्पोर्ट्स कारमध्ये दोनच माणसं बसावीत हा नियम ज्याने केला, त्याला नातेवाईक नसावेत. तुरिनच्या फियाट कंपनीला असा नियम परवडण्यासारखा नव्हता. तिची गिऱ्हाइकं म्हणजे शाळामास्तर, दुकानदार, नव्याने संसार मांडलेले इंजिनिअर. हप्त्याने गाडी घेणारी आणि रविवारी सगळं घर तिच्यात कोंबून तळ्याकाठी जाणारी माणसं. या माणसांनाही कधीतरी मिशीला पीळ द्यावासा वाटत असेल, हे ओळखून १९६७ च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात फियाटने '१२४ स्पोर्ट कूपे' मांडली. दोन दारं, मागे उतरत गेलेलं छत, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि तरीही चौघांची बैठक. मागच्या सीटवर आत्याबाई बसू शकतात. छताच्या उतारामुळे मान थोडी पुढे काढावी लागते, त्यामुळे पुढच्यांच्या बोलण्यात त्यांना आपसूक भाग घेता येतो.

मला ही गाडी आवडते ती या मध्यमवर्गीयपणामुळे. वरचा साज काढला तर खाली साधी चार दारांची १२४ निघते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरसुद्धा तेच, २,४२० मिलिमीटर. इंजिनाचं काम मात्र ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्याकडे होतं. हे गृहस्थ १९५५ पर्यंत फेरारीत बारा सिलिंडरची मोठाली इंजिनं काढत होते. फियाटमध्ये आल्यावर त्यांनी १२४ चा साधा बिडाचा ब्लॉक घेतला, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड चढवलं, हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट बसवले आणि ते फिरवायला साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा लावला. टॅपेट सेट करताना कॅमशाफ्ट उतरवावे लागू नयेत अशीही तजवीज केली. शर्यतीच्या इंजिनात हा विचार कोण करतो? गॅरेजचं बिल ज्याच्या डोळ्यांपुढे आहे तोच.

रूपही घरच्या घरीच झालं. मारिओ फेलिचे बोआनो यांनी फियाटच्याच डिझाइन विभागात ते आखलं. पुढच्या वर्षी लॅम्बोर्गिनीने आपली चार माणसांची 'एस्पादा' काढली तेव्हा मागचे लाइट याच कूपेचे लावले. श्रीमंताने गरिबाकडून उसनं घेण्याचे प्रसंग मोटारींच्या इतिहासात कमी आहेत, म्हणून हा नोंदवून ठेवतो.

आमचा एक पुण्याचा मित्र रांजणगावच्या कारखान्यातून कामानिमित्त तुरिनला गेला तो तिथेच रमला. चाळिशी उलटली की काही लोक मॅरेथॉन धावतात, काही विपश्यनेला बसतात. याने १९७० ची १२४ स्पोर्ट कूपे घेतली: दुसऱ्या पिढीची, पुढे चार हेडलाइटवाली, १,६०८ सीसीची. जाहिरातीत लिहिलं होतं, 'पत्र्याचं किरकोळ काम'. जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'किरकोळ' असेल तर पैसे कुठून आणायचे याचा विचार जाहिरात वाचतानाच सुरू करावा.

गाडी ज्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली, तो तरुणपणी दक्षिणेकडच्या पुलियातून तुरिनला येऊन फियाटच्या मिराफिओरी कारखान्यात लागलेला. मित्राला तो 'इंजेन्येरे' म्हणतो, म्हणजे इंजिनिअरसाहेब. तिकडे अशी पदवी लावून हाक मारायची पद्धतच आहे. मी तिथे गेलो असताना लक्षात आलं की खर्चाचा आकडा सांगायच्या आधी तो 'इंजेन्येरे' दोनदा म्हणतो.

त्याने गाडी लिफ्टवर चढवली, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दाराखालच्या पट्टीवर नुसता टेकवला. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मग चाकांवरच्या कमानी पाहिल्या, विंडस्क्रीनखालचा भाग पाहिला, डिकीतला स्टेपनीचा खड्डा पाहिला. खड्ड्यातून गॅरेजची फरशी छान दिसत होती. एका कमानीवर बोटभर जाडीची पुट्टी भरलेली होती. ती फोडली तर आतून एका जुन्या क्रीडा दैनिकाच्या पानाचा बोळा निघाला. म्हाताऱ्याने काम थांबवलं, चष्मा लावला, कागद सरळ केला आणि त्यातला सामन्याचा वृत्तान्त शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "युव्हेंटस हरलं होतं. कारागिराचं लक्ष कसं लागणार?"

त्या काळातल्या इटालियन गाड्यांच्या गंजाबद्दल एक गोष्ट तिकडे रंगवून सांगतात. १९६६ मध्ये फियाटने सोव्हिएत सरकारशी करार केला. व्होल्गाकाठी इटलीचे कम्युनिस्ट नेते तोल्याती यांच्या नावाच्या गावी कारखाना उभा राहिला आणि १९७० पासून तिथे १२४ सेडान 'झिगुली' या नावाने निघू लागली. त्या मोबदल्यात रशियाने निकृष्ट पोलाद पाठवलं आणि इटलीभरच्या गाड्या सडल्या, अशी ती दंतकथा. म्हातारा तिला भीक घालत नाही. त्याचं म्हणणं, दोष आपल्याच आराखड्याचा. पत्र्याच्या पोकळ पेट्या जोडत गेलो, त्यांत पाणी शिरायला वाट ठेवली, निघायला ठेवली नाही, आणि आतून मेणाचा लेप द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला हे पटलं. शिवाय स्वतःच्या कारखान्याची चूक कबूल करायला रशियाला शिव्या देण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

सुट्या भागांचा हिशेबही मजेदार आहे. या कूपेची बहीण, उघड्या टपाची १२४ स्पायडर, अमेरिकेला फार आवडली आणि १९८५ पर्यंत बनत राहिली. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे भाग आजही मिळतात. पण स्पायडरची बॉडी पिनिनफरिनाची, सर्वस्वी वेगळी; तिचा पत्रा इकडे उपयोगाचा नाही. म्हणजे हलतं ते सगळं मिळतं, स्थिर ते काही मिळत नाही. काच, क्रोमच्या पट्ट्या, लाइट यांच्यासाठी इमोलाच्या शर्यतीच्या मैदानावर सप्टेंबरात भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारात जायचं. तिथे चादरी अंथरून लोक बसलेले असतात. जुन्या बाजाराचा अनुभव असलेल्या पुणेकराला तिथे दुभाष्या लागत नाही. पहिल्या पिढीच्या मागच्या लाइटची जोडी मित्राने सहज विचारली, तर विक्रेता तोंडात चिरूट ठेवूनच म्हणाला, "लॅम्बोर्गिनीवालेही विचारून गेलेत." घासाघीस तिथेच संपली.

पत्र्याचं निस्तरेपर्यंत खरा वाद सुरू झालेला नव्हता. तो सुरू झाला 'ओरिजिनल' वरून.

इटलीत जुन्या गाड्यांचं प्रकरण गंभीरपणे घेतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली त्यांची 'एएसआय' नावाची मोठी संघटना आहे, मुख्यालय तुरिनमध्येच. ती गाडी तपासून तिच्या अस्सलपणाचा दाखला देते. तीस वर्षांपुढच्या गाडीला रस्त्याचा करही माफ. त्यामुळे मित्राच्या क्लबात एक कट्टर पंथ आहे: गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तश्शीच झाली पाहिजे. सीटचं कापड तेच, नळ्यांच्या क्लिपा त्याच, रंगाचा कोड तोच. ऐकायला हे फार पवित्र वाटतं. पण या पंथाच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी, रंगात स्वतःचा चेहरा दिसतो, बॉनेटखाली जेवायला बसावं इतकी स्वच्छता. १९७० मध्ये मिराफिओरीतून अशी एक तरी कूपे बाहेर पडली असेल का? आपल्याकडे हेमाडपंती देवळाचा जीर्णोद्धार म्हणून दगडाला ऑइलपेंट फासतात आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावतात, तेव्हा आपण हळहळतो. इथे काम शंभर पटींनी सुबक आहे, पण नव्याची हौस मला तीच वाटते.

मी हे म्हाताऱ्याला मित्रामार्फत विचारलं. तो खूश झाला. १९६९ च्या शरदात तो मिराफिओरीतच होता. इटलीच्या इतिहासात तो 'गरम शरद' म्हणून ओळखला जातो. संप, मोर्चे, मध्येच थांबणाऱ्या असेंब्ली लाइन. अर्धं दार बसवलं की भोंगा, सभा, घोषणा. परत आल्यावर उरलेलं अर्धं दुसराच कुणी बसवायचा. "इंजेन्येरे," तो म्हणाला, आणि या वेळी एकदाच म्हणाला, "तुम्हाला अगदी ओरिजिनल हवी असेल तर सांगा. तेव्हा जोडायचो तशी वाकडी जोडायला मला अजून जमेल."

खरं सांगायचं तर त्या गाडीत निर्विवादपणे ओरिजिनल एकच गोष्ट होती. गंज. आणि तोच आपण सर्वांत आधी काढून टाकला. कार्ब्युरेटरचंही तेच. या इंजिनाला वेबरचे दोन कार्ब्युरेटर असतात. वेबर म्हणजे १९२३ पासूनचं बोलोन्याचं घराणं, इटालियन गाडीच्या घशातला आवाज. आज नवे वेबर मागवले तर ते स्पेनमधून येतात. आता जुनेच घासूनपुसून वापरायचे, की नवे अस्सल स्पॅनिश वेबर लावून गाडी इटालियन ठेवायची? मित्राने जुने ठेवले. ते जुळवताना म्हाताऱ्याने रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं. हवेचा सुस्कारा दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू पिळत राहिला. गॅरेजात रेडिओ बंद, सगळे गप्प. बाहेर एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, त्यालाही बोटाने गप्प बसवलं.

मित्राच्या डोक्यात मात्र एक छुपं पाप होतं. लाम्प्रेदींचं हे इंजिन पुढे वाढत वाढत १,९९५ सीसीपर्यंत गेलं. त्याच कुळातल्या इंजिनावर लान्चिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं कंपन्यांचं अजिंक्यपद मिळवलं. कूपेमध्ये पुढच्या काळातलं दोन लिटरचं फियाट इंजिन बसवणं हा उद्योग युरोपात अनेकांनी केला आहे. घराणं तेच, रक्त तेच, ताकद जास्त. पण इटलीच्या वाहतूक कायद्याचं ७८ वं कलम आडवं येतं: गाडीच्या मूळ रचनेत बदल केला की तिथल्या आरटीओकडे तपासणी आणि कागदपत्रावर नोंद. त्या कार्यालयाच्या वर्णनाने मी तुमचा वेळ घेत नाही. आपण सगळे आरटीओत जाऊन आलेलो आहोत.

शेवटी १,६०८ चंच इंजिन राहिलं, आणि बदल झाले ते न दिसणारे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन. हेडलाइटला रिले, कारण मूळ वायरिंगमध्ये दिव्यांचा सगळा करंट बिचाऱ्या स्विचमधूनच जायचा. मागच्या सीटला पट्टे, आत्याबाईंसाठी. पोकळ पेट्यांमध्ये मेण. कट्टर पंथातल्या एकाला हे कळलं तेव्हा त्याने दोन मिनिटं मौन पाळलं. मला विचाराल तर सर्वांत प्रामाणिक काम हेच. लाम्प्रेदींना १९७० मध्ये ही इग्निशन स्वस्तात मिळाली असती तर त्यांनी लावलीच असती. गाडी घडवणाऱ्याने परिस्थितीमुळे जे सोडून दिलं ते करावं, त्याने हौसेने जे केलं त्याला हात लावू नये.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मित्राने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या बाबांनी आवाज ऐकला, डॅशबोर्ड पाहिला, बॉनेट उघडायला लावलं. मग विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

"आठ-नऊ."

"आपली चौदा द्यायची," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

'आपली' म्हणजे प्रीमियर ११८ एनई. ऐंशीच्या दशकात डॉक्टर, वकील आणि बढती मिळालेल्या बँक मॅनेजरांच्या दारात दिसायची ती चौकोनी गाडी. ती मुळात फियाट १२४ च. १९६७ मध्ये 'युरोपियन कार ऑफ द इयर' ठरलेली तीच सेडान. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये तिच्या पोटात निसानचं १.२ लिटरचं इंजिन बसवून ती बाजारात आणली. म्हणजे तुरिनमध्ये फियाटच्या गाडीत फियाटचंच मोठं इंजिन घालायला ज्यांचा हात थरथरतो, त्यांनी हे पाहावं. इटालियन देहात जपानी काळीज घालून आपण सरळ शोरूममध्ये उभी केली आणि तिच्यासाठी रांगेत नावं नोंदवली. मित्र ही गोष्ट क्लबात सांगतो तेव्हा कट्टर पंथीयांना ती अतिशयोक्ती वाटते. खाली तोच सांगाडा. लेकाची कूपे आणि बाबांची ११८ एनई ही पत्र्याखाली सख्खी भावंडं.

आता यातला कायदेशीर भाग. आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, रोजच्या वापराला मनाई असते, पण मान मोठा. पहिल्या ११८ एनईची पन्नाशी २०३५ मध्ये भरेल. त्या दिवशी निसानचं इंजिन हेच तिचं अस्सल इंजिन ठरेल. तेव्हा वाचकहो, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठलंय का ते पावसाळ्यानंतर एकदा बघा. आणि कुणी हौशी माणूस 'हिच्यात ओरिजिनल फियाटचं इंजिन बसवून देतो' म्हणत आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. व्हीएची पाटी जाईल.