नेक्स्ट दाबा

इंटरमीजिएट ड्रॉइंगला मला ए ग्रेड होती, हे करकंबात ज्याला ठाऊक नाही तो माणूस गावात नवीन असणार. त्यामुळे कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, शिकायचं मनात आल्यावर क्लास लावायचा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअरच्या पोटातच ट्युटोरियल असतं. इथे क्लिक करा, इथवर ओढा, माप टाका, नेक्स्ट. धडा संपला की हिरवी खूण आणि अभिनंदन. माझं इतकं अभिनंदन माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

एकच गोष्ट लागली. इथे रेघ कुणाचीही सरळच येते. 1963 साली एमआयटीत आयव्हन सदरलंडने ‘स्केचपॅड’ केला, तेव्हापासूनच पडद्यावरची तिरकी रेघ कॉम्प्युटर काटकोनात आणून देतो. म्हणजे भूमिती व अक्षरलेखनाच्या पेपरासाठी मी टू-एच पेन्सिलीला जे टोक काढत बसलो, त्याची गरज माझ्या जन्माआधीच संपली होती!

सॉलिडवर्क्स नावाच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये तर मापं अपुरी असली की रेघ निळी दिसते, सगळी मापं पडली की काळी. निळी रेघ ओढली की सरकते. मला निळ्या रेघेचा हेवा वाटतो. आमच्या घरात मी काळा होऊन बरीच वर्षं झाली.

मापावरून आठवलं, बाजार आमटीला माप नसतं. करकंबची बाजार आमटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी चार ओळी खर्च करतोच. तीन-चार डाळी एकत्र शिजवायच्या, काळा मसाला सढळ हातानं, वर तर्री. ताटात ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि आमटी भाकरीच्या डोक्यावरून जाईल इतकी ओतायची. चमचा मागणाऱ्याकडे पंगत बघत राहते. आचाऱ्याला विचारलं, मीठ किती? तो म्हणाला, “माणसं किती, त्यावर.” मी वहीत लिहून घ्यायला पेन काढलं होतं, ते तसंच खिशात ठेवलं. शिवाय दुसऱ्या वाढपाची वेळ झाली होती.

तर कॅड. धडे उरकल्यावर मी गच्चीवर जायचा लोखंडी जिना काढला. त्रिमितीत, रंगासकट, चारी बाजूंनी फिरणारा. प्रिंट घेऊन वेल्डरकडे गेलो. त्यानं कागद आदबीनं पाहिला, गुण्याखाली दाबून ठेवला आणि खडू घेऊन फरशीवर खऱ्या मापाचा जिना आखायला बसला. मग मान वर न करता म्हणाला, “सर, कठडा कुठल्या अंगाला? आईंचा गुडघा कोणता दुखतोय?”

मला सांगता येईना. आई रोज माझ्यासमोर उठते-बसते. घरी फोन केला. उजवा.

ट्युटोरियलमध्ये मी भोकं पाडलेली पट्टी अगदी बिनचूक केली होती. ती कुठं बसणार, कोण वापरणार, हे तिथे कुणी विचारलं नाही, आणि शाबासकीच्या नादात मीही विचारलं नाही. पण खरी चीड दुसरीच आहे. आयटीआयची पोरं लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग धरतात आणि या इंग्रजी खिडकीसमोर आली की मान खाली घालून नेक्स्ट, नेक्स्ट दाबत सुटतात. त्यांना भूमिती येत नाही असं नव्हे. धडा त्यांच्याशी बोलतच नाही. मला निदान ए ग्रेडचा टेकू होता. त्यांना वाटतं, आपलंच डोकं कमी.

जिना झाला. पायरी साडेसहा इंच उंच, कठडा वेल्डरनं ठरवला त्या अंगाला. माझ्या चित्रात पायरी आठ इंचांची होती. ती दिसायला फार सुबक होती, एवढं मात्र नमूद करतो.

वाचकांत कुणी कॅड जाणणारा असेल तर त्यानं मराठीत धडे करावेत. पहिल्या धड्याला जिना घ्यावा, आणि माप टाकायच्या आधी तो कोण चढणार आहे, हे विचारणारी एक चौकट ठेवावी. तिथे नेक्स्टचं बटण नसलं तरी चालेल.