बिनसाखरेची, पण सायीची

पुण्याचा भाचा दिवाळीला उमापूरला आला तो हेझलनट कॉफीच्या पुड्या घेऊन. वर ठळक अक्षरांत 'झिरो शुगर'. मी पुडी नाकाशी धरली. वास थेट अभ्यंगाच्या साबणाचा, पण सणासुदीला बोलायचं कशाला?

"मामा, हिच्यात कॅलरीच नाहीत!"

मामीने पुडी फोडली आणि म्हशीच्या उकळत्या दुधात उलटी केली. दूध घरचं. पेल्यावर बोटभर साय. सहा टक्के फॅट धरलं, तरी दोनशे मिलीच्या पेल्यात बारा ग्रॅम. ग्रॅमला नऊ, म्हणजे नुसत्या स्निग्धांशाच्या १०८ कॅलरी. दोन चमचे साखर टाळून वाचल्या होत्या चाळीस. सोबत चकल्या होत्याच, त्या मी मोजल्या नाहीत.

गुळाच्या चहावाल्यांचंही तेच. पाटीवर 'आरोग्यदायी'. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, गुळात त्याहून जेमतेम वीसेक कमी. रंग तेवढा बदलला. आणि गोड लागणाऱ्या बिनसाखरी पुडीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्येच सांगितलंय, वजन आटोक्यात ठेवायला असले बिनसाखरेचे गोड पर्याय वापरू नका. पण ते पुडीवर कोण छापणार?

याच दिवसांत आमच्या गेवराई तालुक्यातून ऊसतोडीला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच खर्चून बसलेली. फडावर भल्या पहाटे तीन दगडांवर चहा उकळतो. दूध मिळालं तर मिळालं, नाहीतर कोराच. शहरात असल्या बिनदुधाच्या पेयाला जास्त पैसे पडतात म्हणे! साखर मात्र दाबून, कारण दिवसभर वाकून ऊस तोडायचा आणि वर मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवायच्या. त्या चमच्यांचा हिशोब दुपारच्या आतच चुकता होतो. भाच्याचा पुण्यातल्या जिममध्ये होतो; महिन्याची फी भरून.

पेला रिकामा झाल्यावर भाच्याने पुडीची मागची बाजू वाचली. 'गरम पाण्यात किंवा साय काढलेल्या दुधात मिसळा.'

"मामी, उद्या साय काढून द्या हं."

"काढलीय की," म्हणत मामीने वाटीतली साय साखर घोळवून त्याच्या पोळीवर वाढली.