अर्धा तास, अकरा मानके

अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 1978 मध्ये शाळांसाठी मानके लिहिली आणि 2012 पर्यंत तीनदा सुधारली. आता ती अकरा आहेत. पदव्युत्तर पदवी हवी, नीतिमूल्ये हवीत, मुलाची परिस्थिती तपासावी, उपाय करावा, तो लागू पडला का ते पाहावे, सगळ्याची नोंद ठेवावी. अडीचशे मुलांमागे एक कार्यकर्ता. मुले फारच अडचणीतली असतील तर पन्नासांमागे. नाव ठेवायला जागा नाही. फक्त संघटनेला कुणावर सक्ती करता येत नाही.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या 2019 च्या अहवालात सरासरी निघाली ती 2,106 मुलांमागे एक. शाळेचे दिवस साधारण 180, रोजचे सहा तास. या कार्यकर्त्या बाईंनी डबा खाल्ला नाही, बैठकीला दांडी मारली, एकाही पालकाला फोन केला नाही, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम अर्धा तास येतो. त्यात अकरा मानके बसवायची, म्हणजे एकेकाला पावणेतीन मिनिटे. बाबा घरी का येत नाहीत हे पोरगं सांगू लागेपर्यंत नीतिमूल्ये आटोपून नोंदवही उघडायची वेळ झालेली. कामाच्या बोजाचे नियोजन हेही एक मानकच आहे. ते बहुधा जिन्यात उरकत असावेत.

1906-07 च्या सुमारास न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्डमध्ये हे काम सुरू झाले, तेव्हा ‘व्हिजिटिंग टीचर’ मुलांच्या घरी जाऊन आईबापांशी बोलत. 1913 मध्ये रॉचेस्टरच्या शिक्षण मंडळाने त्यांचा खर्च स्वतः उचलला. तेव्हा मानके नव्हती. पगार होता!

आज पैसाच नाही म्हणावे, तर तसेही नाही. त्याच अहवालानुसार सुमारे 1 कोटी मुलांच्या शाळेत पोलीस आहे, समाजकार्यकर्ता नाही. पोलीस घरची चौकशी करत बसत नाही, काम झटपट होते. सप्टेंबर 2019 मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलीने थयथयाट केला. तिची झोप नीट होत नव्हती, असे आजीचे म्हणणे. शाळेतल्या पोलिसाने तिला पकडले; प्लॅस्टिकच्या पट्टीने हात बांधून तिला गाडीत घालण्यात आले. पुढे बोटांचे ठसे आणि फोटोही झाले. बोभाटा झाल्यावर त्या पोलिसाची नोकरी गेली.

फ्लोरिडाच्या विधिमंडळालाही जाग आली. 2021 मध्ये त्याने अटकेसाठी किमान वय ठरवणारा कायदा केला: सात वर्षे. गुन्हा गंभीर आणि हिंसक असेल, तर तीही अट नाही.